पोटातल्याला सगळं आठवतं

तिला सगळे रफूवाली म्हणायचे आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला, वाफेच्या यंत्राच्या पलीकडे तिचं टेबल होतं. त्यावर मान वाकवता येणारा एक दिवा, एक भिंग आणि सुयांची डबी. कसरीनं खाल्लेले कोट, सिगारेटनं भोक पडलेल्या विजारी, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली तिच्यापुढे येऊन पडत. ती कोटाची आतली शिवण उसवायची, तिथे दुमडून राहिलेल्या कापडातून एकेक धागा ओढून काढायची आणि त्याच धाग्यानं उलट्या बाजूनं भोक विणत न्यायची. कोट त्याचा, धागाही त्याचाच, त्यामुळे गिऱ्हाईक उजेडात धरून धरून बघायचं आणि भोक कुठे होतं तेच त्याला सापडायचं नाही. हे काम येणारी शहरात आणखी दोघं-तिघं असतील. तिला त्याचा अभिमान होता, पण तो ती बोलून दाखवायची नाही, कारण बोलून दाखवलं की काहीतरी वाईट होतं असं तिला वाटायचं.

स्वभावानं ती घाबरट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गॅसचं बटण ती तीनदा बघायची. नवऱ्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिच्या डोळ्यांपुढे लिफ्टची तुटलेली दोरी यायची, कारण नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. तो बिचारा उंच, हसरा, जरा मोठ्यानं बोलणारा माणूस. "आमची ही दाराला कुलूप लावते आणि मग कुलपालाच विचारते, लागलास ना रे नीट?" असं तो चारचौघांत सांगायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. त्या भीतीचं मूळ कुठे आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

मूळ होतं अकरा वर्षांपूर्वी, एका भाड्याच्या खोलीत. तेव्हा ती बावीसची होती आणि लग्न झालेलं नव्हतं. दिवस राहिले. ज्याच्यामुळे राहिले तो पंधरा दिवसांत गाव सोडून गेला. एका मैत्रिणीनं गोळ्या आणून दिल्या आणि तीही घाबरून निघून गेली. पुढे जे झालं ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. ना आईला, ना पुढे आठ वर्षांनी झालेल्या नवऱ्याला. फक्त दर महिन्याच्या त्या तारखेला ती देवापुढे एक जास्तीची वात लावायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "सहज."

लग्नाला तीन वर्षं झाली आणि दिवस राहिले. घरात सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर सासूबाईंना. सासूबाई तीस वर्षं एका बाळंतिणींच्या दवाखान्यात आया होत्या. किती पोरं त्यांच्या हातांवर पहिल्यांदा रडली याची गणतीच नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रस्त्यात पोटुशी बाई दिसली की त्या थबकायच्या, चाल बघायच्या आणि महिना सांगून मोकळ्या व्हायच्या. बरोबर निघाला की दिवसभर खूश. चुकला तर म्हणायच्या, "बाईच तारखा चुकवतेय."

मोठ्या इस्पितळात नाव घालायला अर्थातच त्या सोबत आल्या. खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "याआधी कधी दिवस राहिले होते?" रफूवालीचं तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "लिहा, पहिलटकरीण. अहो, मी तीस वर्षं हेच केलंय, मला नुसतं बघून कळतं." मुलीनं हसून लिहून टाकलं. गप्प बसायला रफूवालीला काहीच करावं लागलं नव्हतं, आणि तिला सर्वांत जास्त भीती वाटली ती याचीच. पुढे रक्तगट निगेटिव्ह निघाला, तेव्हाही सासूबाईंनीच धीर दिला. "त्याचं काही नसतं गं पहिल्या वेळी. त्रास होतो तो दुसऱ्या खेपेला. आपण सातव्यात इंजेक्शन घेऊन टाकू."

रोज संध्याकाळी दिवा लावला की सासूबाई पोथी वाचायला बसायच्या. आता त्या सुनेला समोर बसवायच्या आणि वाचता वाचता तिच्या पोटाकडे बघून आवाज चढवायच्या, जणू ऐकणारा जरा लांब बसलाय. पाचवा लागला त्या सुमाराला त्यांनी पोथी मांडीवर उपडी ठेवली आणि कौतुकानं सांगितलं, "तुला ठाऊक आहे का, पोटातल्या जिवाला मागचे सगळे जन्म आठवतात. कुठे होता, काय केलं, कुणी काय केलं, सगळं. तिथे अंधारात तो तेच आठवत बसतो. बाहेर आला, पहिला वारा लागला, की पुसून जातं. म्हणून तर पोरं रडत येतात."

सासूबाईंनी हे प्रेमानं सांगितलं होतं. पण ऐकणारीच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून ती पोटावर हात ठेवीनाशी झाली.

तुम्हीच बघा, तिनं ते कसं लावलं असेल. ज्याला आपण येऊ दिलं नाही तो गेला कुठे, हा प्रश्न तिला अकरा वर्षं छळत होता. आता उत्तर मिळालं होतं. तो कुठेच गेला नव्हता, थांबला होता. तोच आलाय, आत बसलाय आणि त्याला सगळं आठवतंय. एवढंच असतं तर कदाचित तिनं ते गिळलं असतं. पण पंधरा दिवसांनी इस्पितळातून फोन आला, की तुमच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी सापडलंय, डॉक्टरांना भेटून जा. ती एकटीच गेली.

डॉक्टर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुमचं रक्त निगेटिव्ह आहे, बाळाचं पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं शरीर बाळाच्या रक्ताला परकं समजतंय आणि ते नासवायला निघालंय. असं सहसा पहिल्या वेळी होत नाही. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख करून घेतं. मग ते विसरत नाही. पुढच्या वेळी कोणी आलं की त्याला लगेच आठवतं." मग त्या थांबल्या. "याआधी कधी दिवस राहिले होते का? पडले असतील, पाडले असतील. मी कुणाला सांगणार नाही."

टेबलाच्या कडेकडे बघत तिनं होकारार्थी मान हलवली.

"त्यानंतर इंजेक्शन घेतलं होतं?"

"कसलं इंजेक्शन?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शरीरानं ती ओळख धरू नये म्हणून लगेच घ्यायचं असतं ते. कुणी सांगितलंच नसेल तुम्हाला. यात तुमचा दोष नाही, हे लक्षात ठेवा."

हे शेवटचं वाक्य तिनं ऐकलंच नाही. तिच्या कानांत एकच गोष्ट घुमत होती. शरीर विसरत नाही, पुढच्याला सोसावं लागतं. सासूबाईंची पोथी आणि डॉक्टरांचा कागद एकच सांगत होते! आजवर तिला निदान अशी आशा होती की आपली भीती हा आपल्या मनाचा खेळ असेल. आता शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी, पांढऱ्या कोटात बसून, त्या भीतीवर शिक्का मारला. इतकी घाबरलेली ती त्या भाड्याच्या खोलीतसुद्धा नव्हती.

दर आठवड्याला पोटाची खास सोनोग्राफी ठरली. घरी तिनं सांगितलं, दुकानात लग्नसराईचं काम आलंय, उशीर होईल. अंधाऱ्या खोलीत ती उताणी पडायची आणि पडद्यावर बाळाच्या डोक्यातली एक बारीक शीर लाल-निळी लुकलुकायची. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं, आणि त्या शिरेतला वेग बघून बाळाच्या अंगात रक्त किती उरलंय ते कळतं, एवढं तिला समजलं होतं. कागदावर एक तिरकी रेघ होती. पहिल्या आठवड्यात बाळाचा ठिपका रेघेच्या बराच खाली होता. दुसऱ्या आठवड्यात वर सरकला. तिसऱ्या मंगळवारी तो रेघेच्या वर होता. डॉक्टरांनी सांगायच्या आधी तिनं स्वतःच तो बघितला. भिंगाखाली धागे मोजणारी बाई ती, तिच्या नजरेतून ठिपका कसा सुटेल.

"गुरुवारी सकाळी रिकाम्या पोटी या," डॉक्टर म्हणाल्या. "पोटातून सुई घालून बाळाच्या नाळेत रक्त भरायचं. घरचं कुणीतरी सोबत हवं, सहीला. मी रक्ताची पिशवी मागवून ठेवते."

"नाही केलं तर?"

"तर त्याच्या अंगात पाणी धरेल, हृदय थकेल. फार दिवस नाहीत हातात."

"आणि सुईनं काही झालं तर?"

"शंभरातल्या एखाद-दुसऱ्या वेळी बिघडतं. ते मी लपवणार नाही. पण एकदा भरून भागणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरावं लागेल. तीनदा, कदाचित चारदा."

ती हो म्हणाली आणि घरी आली. घरी नवरा बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून पाळण्याचा एक जुना सांगाडा घासत होता. कुणा सोबत्याकडून आणलेला. "लिफ्टपेक्षा सोपं आहे, फक्त आडवं हलवायचं," तो म्हणाला. तिनं तोंड उघडलं. "अहो," एवढं म्हणालीसुद्धा. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आली का गं? ये, पोथी थांबवलीय तुझ्यासाठी." आणि तिनं तोंड मिटलं.

खरं सांगायचं तर तिच्या मनात देवाची भीती किती होती आणि सासूची किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. एक मन म्हणत होतं, सही हवी म्हणजे सांगणं आलं. पहिलटकरणीला हे होत नाही हे या घरात एका बाईला पक्कं ठाऊक आहे, ती क्षणात ओळखेल आणि मग हे घर आपलं राहणार नाही. दुसरं मन जास्त गोड बोलायचं. म्हणायचं, तो स्वतःच्या मर्जीनं आलाय, स्वतःच्या मर्जीनं जाऊ दे. तू त्याला एकदा जाऊ दिलंस, आता तो तुला सोडून जाईल. हे तुझे भोग आहेत, त्यात सुया कशाला घालतेस. ही असली देवाधर्माची भाषा भित्र्या माणसाच्या फार उपयोगाची असते. बुधवारभर ती हेच मनात घोळवत राहिली आणि गुरुवारी सकाळी फोन बंद करून सरळ दुकानात जाऊन बसली.

समोर एक करडी लोकरी शाल होती. कोपऱ्यात बोटभर भोक. तिनं धागा ओवला, पहिली आडवी फेरी घातली आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही. ती थांबली. वाफेचं यंत्र फुसफुसत होतं. इस्त्रीवाले काका कसलंसं गाणं गुणगुणत होते. तिनं श्वास धरला. दहा वाजता एकदा हललं, अगदी क्षीण. मग बाराला. एरवी या वेळेला आत नुसती धुमश्चक्री चाललेली असे. जाऊ दे म्हणणं मंगळवारी सोपं होतं. आता कुणीतरी खरंच जायला निघालं होतं आणि ते तिला कळत होतं.

साडेबाराला दुकानाच्या पुढच्या बाजूला आवाज आला आणि टांगलेल्या कोटांच्या रांगेतून, प्लास्टिकच्या पिशव्या दोन्ही हातांनी बाजूला सारत, सासूबाई आत आल्या. लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. चालत आल्या असाव्यात, चेहरा लालबुंद झाला होता.

"काका, जरा चहा पिऊन या," त्या इस्त्रीवाल्यांना म्हणाल्या. काकांनी एकदा दोघींकडे बघितलं आणि इस्त्री बंद करून निमूट बाहेर गेले.

"इस्पितळातून फोन आला होता घरी," सासूबाई म्हणाल्या. "तुझा लागत नाही म्हणून. म्हणाल्या, आज भरती व्हायचं होतं, आल्या नाहीत, पिशवी राखून ठेवलीय. मी विचारलं, कसली पिशवी. म्हणाल्या, बाळाला रक्त चढवायचं. मी म्हटलं चुकलात, दुसरी कोणीतरी असेल. त्यांनी तुझं नाव सांगितलं, पत्ता सांगितला." त्यांनी टेबलाची कड धरली. "तू पहिलटकरीण नाहीस."

रफूवालीच्या हातातली सुई खाली पडली. ज्या वाक्याला ती तीन वर्षं भीत होती ते बोललं गेलं होतं, आणि भिंती जागच्या जागी होत्या.

तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच, खालच्या आवाजात, शालीकडे बघत. गोळ्या सांगितल्या, ती खोली सांगितली. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. आणि शेवटी, हे सांगताना तिचे दात वाजायला लागले, पोथीतलं सांगितलं. "तोच आलाय, आई. तुम्हीच म्हणालात ना, त्यांना आठवतं. तो मला सोडून जायला आलाय. त्याला जाऊ द्यावं म्हणून मी…"

"गप्प बस!"

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांचा श्वास अजून ठिकाणावर आला नव्हता. मग बोलल्या ते भलतंच.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत मला एका बाईनं फसवलं नाही. डोळे बघून सांगायचे मी. आणि माझ्याच घरात, रोज माझ्यासमोर बसणारी… आणि मीच लिहायला लावलं. मीच! त्या मुलीला दटावून सांगितलं, लिहा पहिलटकरीण." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "मला हे कधी विसरता येईल असं वाटत नाही. ते आत्ताच सांगून ठेवते."

"हो," रफूवाली म्हणाली.

"पण पोथी मी तुला वाचून दाखवली. माझ्यापेक्षा तुला जास्त कळते का ती?" त्या उठल्या. "तोच आला असेल. मी नाही म्हणत नाही. पण तुला त्रासच द्यायचा असता तर शेजारणीच्या पोटी जन्मला असता आणि वीस वर्षं तुझ्या खिडक्यांच्या काचा फोडत बसला असता. सगळं आठवून, सगळं ठाऊक असून पुन्हा तुझ्याचकडे आलाय. कशाला आला असेल? मरायला? मरायला इतक्या लांब कोण येतं?"

रफूवालीनं पहिल्यांदा मान वर केली.

"पाप असेल तर ते तुझं आहे," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर वाती लाव, मी नाही आड येणार. ते त्याच्या अंगावर ढकलू नकोस. त्याला रक्त पाहिजे. कधी हललं शेवटचं?"

"बाराला. थोडंसं."

सासूबाईंनी तिथेच, कोटांच्या मधे, तिला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हात तिच्या पोटावर टेकवून डोळे मिटले. मग त्यांनी तिचा फोन मागून घेतला, चालू केला, इस्पितळात लावला आणि ज्या आवाजात त्या एके काळी शिकाऊ नर्सांना हलवायच्या त्या आवाजात उद्या सकाळी आठची वेळ ठरवली. आज संध्याकाळपर्यंत चारदा तरी हलायला हवं, नाहीतर लगेच निघून या, असं तिकडून सांगितलं गेलं.

"आता त्याला सांगायचं," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "मी नाही. तू. आजच, कारण उद्या सही त्याला करायचीय आणि आंधळी सही मी माझ्या मुलाला करू देणार नाही."

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता तेव्हाच तिनं सांगितलं. थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. एक बूट पायात, एक हातात, तसाच तो ऐकत राहिला. पूर्ण ऐकलं. मधे एकदाही बोलला नाही, आणि हा माणूस मधे बोलल्याशिवाय बातम्यासुद्धा ऐकायचा नाही. तिचं सांगून झाल्यावर त्यानं दुसरा बूट काढला, दोन्ही नीट शेजारी ठेवले, अवजारांची पिशवी उघडली आणि बाहेरच्या खोलीत बसून एकेक पाना पुसायला घेतला. सगळे पुसून झाले तसे पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागला. सासूबाईंनी त्याला जेवायला बोलावलं नाही. संध्याकाळपर्यंत बाळ पाच वेळा हललं. तिनं ते मोठ्यानं मोजलं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं, पण पलीकडून काही उत्तर आलं नाही.

सकाळी तो आला. टॅक्सीत पुढे बसला. इस्पितळात कागद आला तेव्हा त्यानं तो सगळा वाचला. शंभरात एखाद-दुसरा, हे जिथे लिहिलं होतं तिथे त्याचं बोट थांबलं. मग त्यानं सही केली आणि पेन नर्सच्या हातात दिलं. बायकोकडे त्यानं बघितलं नाही. तिला आत नेताना तिनं मागे वळून पाहिलं तर तो पाठ करून उभा होता आणि सासूबाई भिंतीला टेकून पुटपुटत होत्या. त्या जप करत होत्या की कुणाला शिव्या देत होत्या, ओठांवरून कळत नव्हतं.

आत थंडी होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की अजिबात हलायचं नाही. बाळालाही औषधानं थोडा वेळ निपचित करावं लागतं, नाहीतर सुई निसटते. तीन-चार तास त्याचं हलणं कळणार नाही. रफूवालीनं पडद्याकडे बघितलं. करड्या धुक्यात एक पांढरी बारीक रेघ पुढे सरकत होती, ती सुई. आयुष्यभर तिनं सुई धरली होती, पण दुसऱ्याच्या हातातल्या सुईची इतकी भीती असते हे तिला माहीत नव्हतं. तिनं मनातल्या मनात कुणाला तरी म्हटलं, थांब. देवाला म्हटलं नाही. आतल्यालाच म्हटलं. थांब, मी चुकले होते, राहा. तुला जे काही आठवत असेल ते आठवत असू दे, पण राहा.

"लागली," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावर नाळेत चमचमणारे ठिपके वाहू लागले. पुढची वीस मिनिटं रक्त जात राहिलं. शेवटी बाळाच्या हृदयाचा ठोका मोठ्यानं ऐकवण्यात आला, आणि तो होता.

पण नुसत्या ठोक्यावर तिचं समाधान होईना. खाटेवर उताणी पडून ती घड्याळाकडे बघत राहिली. एक तास गेला, दोन गेले. दर अर्ध्या तासानं नर्स येऊन यंत्र लावून जायची आणि "ठीक आहे" म्हणायची, आणि नर्स दाराबाहेर गेली की रफूवालीला वाटायचं, आता थांबला असेल. तीन तास झाले. साडेतीनही झाले. मग बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला, काहीतरी सरकलं. तिनं ओरडून हाक मारली. सासूबाई धावत आल्या, हात ठेवला, वाट पाहिली आणि खाली बसकण मारून म्हणाल्या, "आहे. चांगलं चिडलंय." मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि नर्सला सांगायच्या निमित्तानं बाहेर निघून गेल्या. सुनेशी त्या त्या दिवशी एवढंच बोलल्या, आणि पुढेही कितीतरी दिवस त्यांचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

नवरा आत आला. दारापाशी उभा राहिला. चोवीस तासांत त्यानं दाढी केली नव्हती.

"तेव्हा," तो म्हणाला. "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. "तो आधीच निघून गेला होता. त्याचं नाव…"

"त्याचं नाही विचारत. गोळ्या घेतल्यास, त्यानंतर. पाणीबिणी द्यायला कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"दिवसभर?"

"दोन दिवस. मग ताप उतरला."

त्याचा राग गेलेला नव्हता, ते त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. मग त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या उशाशी येऊन बसला.

"डॉक्टरांना विचारलंय मी," तो म्हणाला. "पुढचं सोळा दिवसांनी आहे. त्या वेळी मी आत थांबणार."

तिला हो म्हणायचं होतं, पण रडू आवरेना, म्हणून तिनं नुसती मान हलवली.